निधीच्या चित्रकलेतला माझा सी

बुदैया, बहारीन
८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप शिवदासदादास सदानंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? देवरूखच्या शाळेत तीस वर्षं चित्रकलेच्या वह्यांचे गठ्ठे घेऊन जिने चढलास, तो रुसणारच. वहिनींनी दिलेली कुळथाची पिठी पोचली. (निम्मी पिशवीत, निम्मी माझ्या शर्टांत. अजून ऑफिसात शिंक आली की कुळीथच आठवतो.) आम्ही तिघंही मजेत आहोत, म्हणजे गुरुवारपर्यंत होतो.

तुझी पुतणी निधी यंदा बारावीला आहे हे तुला ठाऊकच आहे. तिची शाळा अमेरिकन पद्धतीची. तिथे नववीपासूनच्या सगळ्या ग्रेड एका कागदावर येतात आणि तो कागद जसाच्या तसा कॉलेजांकडे जातो. तिला कॅनडात इंजिनिअरिंग करायचंय. मी सुरुवातीलाच विषयांचे दोन ढीग केले होते: पोटापाण्याचे आणि हौसेचे. (रागावू नकोस. तू हौसेच्या विषयावर संसार केलास, दोन मुलं मार्गी लावलीस, शिवाय माझ्या लग्नात आहेरही केलास.) पोरीने गणित, फिजिक्स करावं आणि चित्रकलेचा गृहपाठ बापाने उरकावा, अशी आमची वाटणी. अस्करच्या कारखान्यातून थकून आलो तरी मी रंग घेऊन बसायचो. निधी म्हणायची, "बाबा, प्लीज, आय कॅन डू इट." मी म्हणायचो, तू आपलं इंटिग्रेशन कर.

तर गुरुवारी कॉलेज प्रवेशाचं बघणाऱ्या सायरा मॅडमनी मला आणि सुनीताला बोलावलं. कागदावर वरपासून खालपर्यंत ए, आणि शेवटी चित्रकलेत सी. मी हसून म्हणालो, चित्रकलाच ना! त्या बाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की काही कॉलेजं फक्त मुख्य विषय धरतात, काही सगळ्या विषयांची सरासरी काढतात, आणि निधीला हवं असलेलं कॉलेज दुसऱ्या प्रकारातलं आहे. तिथे प्रवेश दशांशावर अडतो. पहिल्या प्रकारातलंही कुणी कागद वाचताना विचारतंच, की एवढी हुशार मुलगी इथेच का कंटाळली? सुनीताने माझ्याकडे नुसतं पाहिलं. (ते पाहणं तुला माहीत नाही, वहिनींचं माहीत असेल.) मी तडक चित्रकलेच्या राहील सरांना गाठलं.

सरांनी निधीची अकरावीच्या वर्षातली पाच कामं टेबलावर मांडली. पहिलं चित्र झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्याचं. दादा, क्षितिज मी लेव्हल लावून आखलं होतं! खजुराची अकरा झाडं, सगळी एकाच उंचीची, दोन झाडांमधलं अंतर कंपासने मोजलेलं. सर म्हणाले, हा समुद्र नाही, समुद्राचा आराखडा आहे, यात मुलीचं मन कुठेच दिसत नाही. माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो, "सर, थ्री डेज आय वर्क्ड ऑन दॅट सी!"

सुनीताने कपाळाला हात लावला. सर म्हणाले, मला अंदाज होताच, वर्गात तिची रेघ इतकी सरळ येत नाही.

मग त्यांनी पाचवं काम पुढे केलं. ते मी पाहिलंच नव्हतं. मे महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्या शटडाऊनवर मी आठवडाभर तिकडेच होतो, तेव्हा ते निधीने एकटीने काढलं होतं. पेन्सिलचं साधं चित्र. सोफ्यावर एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलाय, एका पायात सेफ्टी शू तसाच आहे आणि हाताची बोटं रंगाने बरबटलेली. बोटं माझी होती. त्याला ए मिळाला होता. बाकी चारांना सी-मायनस. मला तिथेच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सर भले माणूस. ती चारही चित्रं निधीने शाळेत, त्यांच्यासमोर नव्याने काढायची, पाच आठवड्यांत. ग्रेड सुधारली तर जानेवारीत कॉलेजांना जाणाऱ्या कागदावर ती येईल. घरी येऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा. जस्ट डोन्ट हेल्प."

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
सदानंद

ता. क. दर शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. तासभर व्हिडिओ कॉलवर निधीला चित्रकला शिकवशील का?

ता. क. २. निधीने पत्र वाचून घेतलं. तिला शिकवणीची गरज नाही म्हणते. पण ती शुक्रवारी घरी सराव करत असताना कुणीतरी बाबांना दुसऱ्या खोलीत गुंतवून ठेवायला हवं. तेव्हा शिकवणी मलाच लाव. काल सफरचंद काढून पाहिलं, निधीने सी दिला.

ता. क. ३. सातवीत एलिमेंटरीच्या सरावाची सगळी चित्रं तू मला काढून दिली होतीस. परीक्षेत ताप आला म्हणून नापास झालो, असं मी घरी सांगितलं होतं. ताप नव्हता, दादा. कोरा कागद समोर होता आणि शेजारी तू नव्हतास.