झ्वेलाखेला आणायला

३ मे, रविवार
पाहिली एकदाची नवी मालिका. बंदरावरच्या पोलिसांची जुनी संपली, आता त्यातल्या एकट्या सार्जंटला उचलून ही वेगळी काढलीय. सार्जंटचं काम करणारा म्हणजे माझा लेक झ्वेलाखे. म्हणजे होता. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेला – आता त्याची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर! हा नवा पोरगा चोराला धरतो ते तापलं भांडं धरल्यासारखा. सून फिकिले म्हणाली, नका बघू आई. बघणार.

१० मे
मक्याच्या शिळ्या पुटूसारखा भाग. घशाखाली उतरेना. पण एक दिसलं – तो पोरगा बोलता बोलता थबकतो, बाजूला सरकतो. जणू तिथं कोणी उभं आहे. फिकिले म्हणते, वाक्यं पाठ नसतील.

१२ मे
मेकअपवाल्या बाईचा फोन. आधी दोघींनी मालिकेला शिव्या घातल्या. मग ती रडत बोलून गेली – झ्वेलाखे सेटवर चहा मागून खुर्चीत बसला, तो तिथंच गेला. दवाखान्यात नेलं ते नुसतं अंग.
आणि आम्ही बोरीची फांदी कुठं नेली? दवाखान्यात! प्राण जातो तिथून माणसाला फांदीवर घेऊन यायचं असतं. दीर रिकाम्या खाटेशी बोलून रिकामी फांदी घेऊन आले. त्यावर बकरा कापला, जेवलो. माझा पोरगा वर्षभर तिथंच, त्या दिव्यांखाली.

१३ मे
दीर म्हणाले, वहिनी, फांदी बाईनं धरायची नसते. म्हटलं, पुरुषानं धरली तेव्हा कोण आलं?

१६ मे
डर्बनला गेले. स्टुडिओचा रखवालदार आत सोडेना. तो नवा पोरगाच बाहेर आला, फांदी बघून टोपी काढली. काही न विचारता खुर्चीपाशी नेलं.
"आजी, मी हिच्यात कधी बसलो नाही. कोणीच बसत नाही."
फांदी खुर्चीला टेकवली. म्हटलं, "झ्वेलाखे, ऊठ. घरी जायचंय."
टॅक्सीत झ्वेलाखेच्या जागेचं भाडं वेगळं भरलं. तुगेला आली तेव्हा सांगितलं, बाळा, नदी ओलांडतोय. बाकी कोणाशी बोलले नाही – बोलायचं नसतं. घरी मागच्या भिंतीशी, वाडवडिलांच्या जागी ठेवला.

५ जुलै, रविवार
त्यानंतर केलेला भाग आज लागला. नवा पोरगा कुठं थबकला नाही. चोराला नीट धरलं. चांगलं करतो.
पडद्यावर माझं कोणी नव्हतं.