खो मिळाल्याशिवाय

टिळकवाडी, बेळगाव
ता. ११ जानेवारी १९३७

ती. अण्णा यांच्या सेवेशी,
विनोदिनीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनींच्या गुडघ्याला रोज तेल लावता की नुसतं तेलाचं नाव सांगून कोर्टात जाता, ते खरं कळवा. मी ठणठणीत आहे, फक्त घसा बसलाय. दिवसभर मैदानावर ओरडते ना! तुम्ही कोर्टात ओरडता तर लोक वकीलसाहेब म्हणतात, मी ओरडले की बोलणी खाते.

परवाच्या बोलण्यांची हकीकत ऐका. आमच्या शाळेचं मैदान रेल्वेफाटकाला लागून आहे. फाटक पडलं की टांगे थांबतात आणि गाडी जाईपर्यंत माणसं आमच्या मुलींचा खो-खो बघतात. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गेल्या आठवड्यात शाळासमितीच्या अध्यक्षांचा, म्हणजे मार्तंडरावांचा टांगा तिथं अडकला. थोराड मुली पदर खोचून पळताहेत, खो म्हणून ओरडताहेत आणि त्यांचाच टांगेवाला 'पळ गं पोरी, लई ब्येस' म्हणून टाळ्या वाजवतोय, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला. खो-खो, लंगडी, हुतूतू सगळं बंद. मुलींनी सभागृहात दारं लावून लेझीम खेळावी, तीही बेतानं.

लेझमीशी माझं वैर नाही. पण खो-खोत एकीनं आळस केला तर नऊजणींचा डाव जातो, आणि ते या पोरींना आता पुरतं कळलंय. आमची बाळाबाई शेतकऱ्याची लेक, इथं काकांकडे राहून शिकते. आली तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता, हजेरीलासुद्धा नुसतं बोट वर करायची. आता ती पाठलागाला उभी राहिली की तिचा खो फाटकापलीकडे ऐकू जातो. तो आवाज मी कोंडून ठेवणार नाही. मार्तंडरावांना तसं तोंडावर सांगून आले आहे.

वहिनींना नमस्कार. माझा राग आला तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची
विनोदिनी

निपाणी
ता. १५ जानेवारी १९३७

चि. विनोदिनीस,
श्रीपादचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. तुझ्या वहिनीनं केला आहे, त्यामुळे दात सांभाळून खा. इकडे तंबाखूचा हंगाम सुरू झाला, सगळा गाव शिंकतोय आणि माझे अशील शिंका आवरत फिर्याद सांगताहेत.

तुझ्याआधी मार्तंडरावांचं पत्र आलं. भाषा सभ्य आहे पण मतलब सरळ आहे. खेळ सभागृहातच घेईन, असं तू लेखी द्यावंस, नाहीतर नोकरी राहणार नाही. बाई, ही नोकरी मिळवताना त्यांच्या ओसरीवर मी किती वेळा बसलो ते तुला ठाऊक आहे. चार ओळी लिहून दे. वर्षभरात सगळे विसरतील, मग हळूच मुलींना बाहेर काढ. मैदान कुठं पळून जात नाही. शिवाय सांगलीची मंडळी फाल्गुनात तुला बघायला यायची आहेत. नोकरीवरून काढलेली मुलगी म्हटल्यावर त्यांना काय सांगू?

तुझी वहिनी मागून म्हणते आहे, की मार्तंडरावांना इतकं बघवत नव्हतं तर टांग्यात पाठ फिरवून बसायचं होतं. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही, तूही घेऊ नकोस.

ऐकशील या आशेनं थांबतो. आमची माया गृहीत धर, पण तिचा अंत पाहू नकोस.

तुझा
श्रीपाद

नंदगड
ता. २३ जानेवारी १९३७

ती. अण्णा यांच्या सेवेशी,
विनोदिनीचा सा. न. वि. वि.

पत्ता बघून चमकलात ना? मावशीकडे आले आहे. मी लिहून दिलं नाही. म्हणून मार्तंडरावांनी मला सांगितलं की तशी चिठ्ठी त्यांच्या हातात येईपर्यंत शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. खोलीत बसून भिंती बघण्यापेक्षा इथं मावशीच्या म्हशी बऱ्या. त्या निदान हुकूम काढत नाहीत.

मैदान पळून जात नाही, हे तुमचं म्हणणं कबूल. पण मुली जातात. वर्षभरानं यातल्या निम्म्या सासरी असतील. त्यांना पळायचं असेल तर आत्ताच पळायला हवं अण्णा, पुढं कोण पळू देणार आहे?

सगळ्यांत संताप याचा आला, की मार्तंडरावांनी बाळाबाईच्या काकांना बोलावून घेतलं आणि त्यांनी पोरीला घरी बसवलं. माझं काय व्हायचं ते होवो, तिचा काय गुन्हा? निघताना मी मुलींना काहीही शिकवून आले नाही. नुसती पुस्तकं उचलली आणि निघाले. त्या फाटकापर्यंत माझ्यामागून आल्या. टांग्यात मी खूप रडले.

माझ्या वतीनं माफी मागायला तुम्ही जाल, अशी मला दाट शंका आहे. जाऊ नका. गेलात तर मी बोलणार नाही, आणि मी बोलले नाही तर तुम्हाला किती चुकल्यासारखं होतं ते वहिनींना विचारा.

भांडणापुरता का होईना, लोभ चालू ठेवा.

तुमची
विनोदिनी

बेळगाव
ता. २७ जानेवारी १९३७

चि. विनोदिनीस,
श्रीपादचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी माफी मागायला आलो होतो. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे तुझा राग होऊन जाईल आणि पुढचं नीट वाचशील.

काल दुपारी मोटारीतून उतरून थेट शाळेत गेलो. मार्तंडराव व्हरांड्यात येरझारा घालत होते. मैदानात तुझ्या आठ मुली खो-खोच्या ओळीत बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अगदी डावात बसतात तशा. पलीकडे खांबापाशी तीन पळणाऱ्या तयारीत उभ्या. पाठलाग करणारी मात्र कुणीच नव्हती. खेळाच्या तासाला ज्या बसल्या त्या मधली सुट्टी झाली तरी उठलेल्या नाहीत, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. त्या रागावून झाल्या, समजावून झाल्या. मुलींचं उत्तर एकच, की बाळाबाईला तुम्ही घरी बसवलं, आमच्या बाईंना बाहेर काढलं, मग आम्हाला खो देणार कोण? आणि खो मिळाल्याबिगार उठायचं न्हाय, उठलं तर फाऊल हुतोय.

परक्यांच्या पोरींना हात धरून ओढायचं धाडस मार्तंडरावांना होईना. मला म्हणाले, तुम्ही वकील आहात, तुमच्या बहिणीचे हे प्रताप आहेत, तुम्हीच उठवा. मी गेलो. आधी गोड बोललो, मग कायदा सांगितला, मग आईबापांची भीती घातली. उन्हानं पोरींची तोंडं लाल झाली होती. एक धिटुकली जयाबाई म्हणून आहे, तिनं वर न बघताच मला सांगितलं की समोरून बोलून उपयोग न्हाय, खो पाठीमागनं द्यावा लागतो.

मला वाटलं, एवढंच ना? देऊन टाकू, म्हणजे एकेक उठून वर्गात जाईल. तिच्या पाठीमागे गेलो, पाठीला हात लावला आणि खो म्हटलं. विनू, ती पोर जी सुटली! वर्गाकडे नाही, खांबाकडे. पलीकडच्या तिघी पांगल्या, बाकीच्या सातजणी एकदम ओरडल्या आणि डाव सुरू झाला. सुरू केला होता मी! नेमकं तेव्हाच फाटक पडलेलं. टांगे, बैलगाड्या, सायकली सगळे थांबून बघताहेत, त्यात आपल्या निपाणीचे दोन अशीलसुद्धा. मी तसाच उभा. शेजारची मुलगी मला हळूच म्हणाली की वकीलसाहेब, बसा की, खो देणाऱ्यानं उठलेलीच्या जागंवर बसायचं असतंय.

व्हरांड्यातून मार्तंडराव मला हाका मारत होते. सात पोरी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती, मी खेळतो की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं. मी बसलो. कोट-टोपीसकट मातीत बसलो. तोंड उलटं केलं म्हणून पोरींनी मला वळवून बसवलं. थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात पडला, कानाशी खो आला आणि मी उठून पळालो. का पळालो ते विचारू नकोस. इतका आनंद मला सनद मिळाली तेव्हासुद्धा झाला नव्हता. कुणीही हाती लागली नाही, धोतराचा सोगा फाटला आणि टांगेवाले खदखदून हसले.

नंतर मार्तंडराव म्हणाले की तुम्ही घराण्याची शोभा केलीत, हुकूम कायम आहे, रविवारी समितीची सभा घेऊन तुमच्या बहिणीला काढून टाकतो. मी म्हणालो, खुशाल सभा घ्या, मी तिचा वकील म्हणून येतो. माफीचा मसुदा खिशात होता, तो तसाच परत नेतो आहे. सांगलीकरांना मी सगळं खरं लिहिणार आहे. त्यांना चालत नसेल तर आपल्यालाही ते चालत नाहीत.

नोकरीचं मात्र काही सांगता येत नाही, हे ध्यानात ठेव. माझा तुझ्यावर लोभ आहेच, कालपासून अभिमानही आहे.

तुझा
श्रीपाद

नंदगड
ता. २९ जानेवारी १९३७

ती. अण्णा यांच्या सेवेशी,
विनोदिनीचा सा. न. वि. वि.

पत्र मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही मातीत बसलात तिथं तिनं दोनदा वाचायला लावलं. मी आधी हसले, मग रडले, मग पोरींसाठी पुन्हा रडले. उन्हात बसल्या हो माझ्या मुली! मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्यावर रागावायचं ठरवून ठेवलं होतं, ते जमलं नाही. मात्र तुम्ही पळताना नक्की मधली रेघ ओलांडली असणार. मुलींनी वयाकडे बघून सोडून दिलं असेल, मी सोडलं नसतं.

रविवारच्या सभेत माझ्या बाजूनं जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडा. काढलं तर काढू देत. मी उद्याच्या गाडीनं निघते आहे. आधी बाळाबाईच्या काकांच्या दारात जाऊन बसेन आणि पोरीला पाठवा म्हणून सांगेन. सोमवारी खेळाच्या तासाला मैदानात ओळ बसेल. त्यांनी बाळाबाईला पाठवलं तर पाठलागाला ती उभी राहील. नाही पाठवलं, तर पदर खोचून मी उभी राहीन. मार्तंडरावांना कळवून ठेवा, म्हणजे ते फाटकापाशी वेळेवर येतील.

वहिनींना नमस्कार. लोभ वाढवा, आता त्याची गरज पडणार आहे.

तुमची
विनोदिनी