हरवलेली ओ निगेटिव्ह

सांगली, ६ जून १९९६

चि. अश्लेषा हिस शरयूमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोग्रॅम काल पुन्हा अडकला. मिरजेच्या रक्तपेढीत मी छाती ठोकून सांगितलं होतं, माझ्या भाचीने केलाय, बघतच राहाल. आता आमचे सेक्रेटरी लालासाहेब बघतच राहिलेत. ते बसले की कॉम्प्युटर गरीब गाईसारखा चालतो, मी बसले की मान टाकतो. वर त्यातली काही रक्तदात्यांची कार्डंच गायब होतात. इथे उत्कर्षा म्हणून पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेले, रक्त ओ निगेटिव्ह. त्या गटाची एकच मुलगी आपण नोंदली होती, नेमकी तीच सापडत नाही. मला फार भीती वाटते गं.

लालासाहेब पुन्हा कागदी कार्डं काढू म्हणतात. काहीतरी कर.

तुझी मावशी

सातारा, ११ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नवी नावं घातली, पत्ते बदलले, फोन बदलले, मध्येच वीजही घालवली. इथे प्रोग्रॅम शहाण्यासारखा वागतो. रोग दिसल्याशिवाय औषध कसं देऊ? अडकायच्या आधी तू काय काय करतेस ते सगळं लिही, चहा पितेस तेसुद्धा.

अवधूतच्या घरून लग्नानंतरच्या नावाची विचारणा आली आहे. मी नाव बदलणार नाही. त्यांना तूच सांग, तुझं ते ऐकतात.

लोभ आहेच, तो रागावूनही कमी करू नये.

अश्लेषा

सांगली, १५ जून

चि. अश्लेषास आशीर्वाद.

चहा नव्हता. काल एक नवी नवरी आली होती, हातात हिरवा चुडा, औंधच्या यमाईला जोडीने जाऊन आलेली. लालासाहेबांपुढे या मुली लाजतात, माझी वाट बघत बाहेर बसतात. म्हणाली, मावशी, आता मी सुरेखा न्हाई, सासरचं नाव लावा की. मी बदललं, पुढचं कार्ड मागितलं आणि बसला अडकून. लग्नसराईत हे काम फार असतं.

तुझ्या नावाचं मी बोलेन. पण तू भांडायला उभी राहू नकोस.

तुझी मावशी

सातारा, १८ जून

ती. मावशीस सा. न.

सापडलं! तुझ्यासारखं नाव बदललं आणि माझाही अडकला. कार्डं नावाच्या क्रमाने लावलेली. नाव बदललं की कार्ड रांगेतून उठून दुसरीकडे बसतं आणि प्रोग्रॅम जुन्या जागी चाचपडत राहतो. लालासाहेब नुसते शोधतात, म्हणून त्यांचं चालतं. माणसाचा पत्ता बदलतो हे मला सुचलं, बाईचं नाव बदलतं हे सुचलंच नाही. स्वतःच्याच हट्टात होते ना!

आता प्रत्येकाला न बदलणारा नंबर दिला आहे, माहेरच्या नावालाही जागा केली आहे. गायब झालेली कार्डं परत दिसतील. हे पत्र आणि फ्लॉपी घेऊन अवधूतच उद्या येतो आहे. त्याला जेवायला घाल.

अश्लेषा

सांगली, २७ जून

चि. अश्लेषास अनेक उत्तम आशीर्वाद.

ओ निगेटिव्ह मिळाली. मयूरी तिचं नाव, लग्न होऊन इस्लामपूरला गेलेली. निरोप पोचताच नवऱ्याबरोबर एसटीने आली. उत्कर्षाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. लालासाहेबांनी कागदी कार्डं स्वतः माळ्यावर टाकली.

अवधूत जेवला. नावाचं त्याने घरी आधीच सांगितलं होतं, मला बोलावंच लागलं नाही.

काल सगळे गेल्यावर मी माझंही कार्ड भरलं. माहेरच्या नावापाशी हात थांबला. सत्तावीस वर्षांत ते नाव मी कुठे लिहिलंच नव्हतं. लिहिलं, आणि बराच वेळ बघत बसले. बरं वाटलं गं.

पत्र पाठवत जा.

तुझी,
कमळमावशी