उजव्या खांद्यातली गाठ

मंगळवार, कारेगाव

१. शेवटच्या पेशंट शकुंतलामावशी. कंपनीत पॅकिंगला आहेत. डावा खांदा धरलेला.
२. स्नायूतली गाठ अंगठ्यानं दाबून धरली. सुटली.
३. जाता जाता त्यांचं लक्ष माझ्या मानेकडे गेलं.

"ताई, तुमची बी मान वाकडीच हाय की. तुमचं कोण दाबून देतं?"

मी म्हटलं, पाठ आणि भिंतीच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरते. तेवढं पुरतं.

त्या खो खो हसल्या. "चेंडू इचारतो व्हय, लई दुखतंय का म्हणून?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चेंडू नेमका कुठे लावायचा ते मला कळतं. खोलीवर येऊन चेंडू लावला. जागा बरोबर, दाब बरोबर. तरी उजवा खांदा सुटेना. पेशंटला मी सारखं विचारते, सहन होतंय ना? ते "हो" म्हणताना श्वास सोडतात आणि अंगठ्याखालचा स्नायू सैल पडतो. मी भिंतीला टेकून श्वास धरूनच उभी होते. विचारणारं कोण होतं?

कॉलेजात रूपाली आणि मी एकमेकींच्या पाठीवरच हे शिकलो. ती आता दौंडला असते. हल्ली वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे आमचं बोलणं नाही. मग एकदम हे कसं लिहायचं? उजव्या खांद्यासाठी? फक्त खांद्यासाठी नाही, पण ते लिहिणार नाही.

तीनदा खोडून शेवटी पाठवलं:

"रूपाली, माझा उजवा खांदा धरलाय. तुझा हात हवा आहे. रविवारी दौंडला येऊ का? शुक्रवारपर्यंत कळव."