पाण्याचे फोड

४ जून २०२३, रविवार, सकाळी १०.४०
नव्या खोलीच्या फळीवर शब्दकोश आणि दोन वह्या लावत होतो. उद्यापासून सदाशिव पेठेत सीतारामपंतांच्या छापखान्यात पत्रिका तपासायच्या. मी दहावी नापास, हे त्यांना सांगितलं. पदवीधरांनी लग्नपत्रिकांचं काय केलंय ते पाहता आपण उजवेच ठराल, असं म्हणाले. घरी मेंढरं आहेत हे सांगितलं नाही. वास येऊ नये म्हणून कपडे दोनदा धुऊन आणलेत.

१७ सप्टेंबर
पाठ पट्ट्याने आवळल्यासारखी दुखते. पंतांना सांगितलं, खुर्ची वाईट आहे. खुर्चीचंही तुमच्याबद्दल हेच मत आहे, म्हणाले. आज डाव्या पायातली चप्पल निसटली, ते चौकात गेल्यावर कळलं.

५ ऑक्टोबर
एमआरआयमध्ये मणका पोखरलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, टीबी असावा. सुईने नमुना घेऊ, चालणं वाचेल. नम्रता सिस्टरनी फॉर्म दिला. वडिलांचा व्यवसाय: शेती. घरी जनावरे, कुत्रा: नाही. अक्षर पाहून सिस्टर म्हणाल्या, आमच्या डॉक्टरांना शिकवा जरा. अप्पा मेंढरं वळतात, लहानपणी मी कुत्र्याला बिलगून झोपायचो, हे लिहायची लाज वाटली.

९ ऑक्टोबर
सुईतून पू आला नाही. स्वच्छ पाणी आलं. लगेच अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. सावरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सगळं सांगितलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माझ्या पोटात गेली होती, मणक्यात त्यांच्या पाण्याच्या गाठी झाल्यात. आधी कळतं तर सुई घातलीच नसती, म्हणाले. पाणी सांडलं तिथे नव्या गाठी धरतात.

२ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठी बरणीत दाखवल्या. सोललेल्या द्राक्षांसारख्या. मी ओळखल्या. मेंढी कापली की काळजावर हेच फोड असायचे. खाण्याजोगं नाही म्हणून ते कुत्र्यापुढे टाकायचं काम माझं.

१४ मार्च २०२४
गोळ्या चालू. काठी घेऊन जिन्यापर्यंत गेलो. नव्या एमआरआयमध्ये सात गाठी.

२ जून
अकरा. उजवा पायही — चिमटा काढला, काही नाही. बेंबीपर्यंत काही नाही.

१९ जुलै
अप्पांनी उरलेली मेंढरं विकली.
चार एमआरआय ३०,०००. ऑपरेशन १,८५,०००. गोळ्या १४,३००. एकूण खर्च २,२९,३००.
मेंढरांचे आले १,६०,०००. पंतांचं देणं ६९,३००.
दुसऱ्या ऑपरेशनचे धरलेले नाहीत. अप्पांना वाटतं, पैशांसाठी अडलंय. कुत्राही विकतो म्हणाले. त्यांना सांगायला हवं की डॉक्टरांनी पैसे मागितलेच नाहीत, ते फक्त म्हणाले, आता कापून उपयोग नाही.