बाबीकाकांचं गप्प राहणं

जामसंडे, मंगळवार संध्याकाळ

शेजारची वैशाली मालवणीत पॉडकास्ट करते. पैसे उभे राहिले नाहीत तर तो बंद पडेल. एक काजूवाला जाहिरात द्यायला तयार आहे. मी आज हट्टाने म्हणालो, जाहिरात नको, ऐकणाऱ्यांकडून वर्गणी घे.

"मगे बाबीकाकान आपलोच आवाज इकत घेवन आयकूचो?"

वैशालीने विचारलं. बाबीकाका म्हातारे होडीवाले. नव्या भागात ती त्यांना बुडालेल्या भावाबद्दल विचारते. ते बराच वेळ गप्प राहतात. नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणतात, "तो बरो पोवायचो."

काजूवाल्याला जाहिरातीसाठी नेमकी तीच गप्प जागा हवी होती. तिथे लोक कान देऊन असतात म्हणे. खरंच आहे.

माझ्यासमोरच वैशालीने त्याला फोन केला. "जायरात सुरवातीक घेतंय, माझ्या तोंडान. काका गप्प आसत थंय तुमीय गप्प रवा."

तो फोन ठेवेल असं वाटलं. कमी पैशांत तयार झाला.

मी तत्त्व सांगत बसलो होतो. तिने काकांना सांभाळलं. हे मला का सुचलं नाही?

आत्ताच भाग ऐकला. आधी काजू, वैशालीच्या हसऱ्या आवाजात. मग काका. पंखा फिरत राहिला, मध्ये कोणी बोललं नाही.