दीदीच्या भांड्यावरचा नळ

१३ मार्च, बुध
लॅबमध्ये आज माझ्या हातानं घाण झाली. इथं संशोधन करणारी दीदी जेवायले गेली होती. टेबलावर तिचं औषध गोल भांड्यात उकळून राहिलं होतं. वरच्या काचनळीभोवती नळाचं पाणी फिरून रबरी पाइपानं सरळ सिंकमध्ये. चांगली जाड धार. आमच्या गावी टँकरमागे धावा लागते, वाहता नळ दिसला की हात आपोआपच जाते. बंद केला. बाटल्या धुवायले मागं गेलो.
आलो तं भांड्याच्या बुडाले काळं डांबर. कोणी यायच्या आत नळ पुन्हा उघडला. हे कोणी शिकवलं मले?

१४, गुरु
दीदीले विचारलं, पाणी काहून सोडता. ती इथल्या ब्राह्मणपाऱ्यातली, जुन्या मराठी वस्तीतली, मराठी सारं समजते, उत्तर मात्र हिंदीत. "भाप ठंडी होकर वापस गिरती है भैया. पानी रुका तो सब उड़ गया, बाकी जल गया."
दिवाळीपासून एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं बनवत आली होती. हे शेवटचं होतं. डोळे सुजलेले.
"बीच में पानी चला गया होगा."
मी म्हटलं, हव, गेलं असन.
इतक्या सहज निघालं तोंडातून.

१५, शुक्र
लॅबच्या सरांनी बिसाहूले बोलावलं, नळाले पाणी चढवणारा पंप तोच चालवते. माझ्याच खोलीत राहते. "मोर पंप चालू रिहिस साहेब!" म्हणे, पंप तं चालूच होता. सर म्हणाले, सोमवारी चौकशी करू, पंप बंद निघाला तर ठेकेदार दुसरा माणूस देईल.
संध्याकाळी त्यानं टमाटर-चटणी वाटली, मलेच जास्त वाढली. "खा न यार. नौकरी मोर जावत हे, मुँह तोर उतरे हे?"
दोन घास. पुढं नाही.

१७, रवि
घरी फोन. माय शेजारणीले ऐकवून राहिली, पोट्टा रायपुरात दवाया बनवते. मीच तसं सांगून ठेवलं आहे. नववी नापास, भांडी धुतो, हे आज तरी...
बिसाहू म्हणते, "तैं तो उहें रेहेस. बता देबे, पानी आवत रिहिस." मी तिथंच होतो, पाणी येत होतं असं सांगायचं. म्हणजे माझीच साक्ष.
हव म्हटलं.

१८, सोम
सरांच्या केबिनीबाहेर बाकावर बसून लिहून राहिलो. आत्ताच आत विचारलं, "उस दिन पानी आ रहा था?"
आ रहा था सर. पूरा टाइम.
दीदी माझ्याकडे पाहतच राहिली. गुरुवारी तिले उलटं सांगितलं होतं.
सर म्हणाले, "तो फिर नल..." अन् त्यांचा फोन वाजला. मले अन् बिसाहूले बाहेर बसवलं, दीदी आतच.
बिसाहू पाठीवर थापा मारून राहिला. "बचा लेस भाई!" शेंगा काढल्या खिशातून, मूठभर माझ्या हातात कोंबल्या. फोडवत नाही एकही.
आतलं बोलणं थांबलं. खुर्ची सरकली. दीदीची चप्पल वाजून राहिली, दाराकडेच